एकाच चुलीवरचं डाएट: गावात राहून वजन कसं उतरवायचं?

प्रश्न असा आला आहे : "मी ४१ वर्षांची, वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या गावात राहते. घरी शेती आणि छोटं किराणा दुकान. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७२ किलो. उपाशीपोटी साखर ११२ आली, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, वजन उतरवा. मी भाकर-भात बंद केला. सकाळी लिंबू-मधाचं पाणी, दुपारी काकडी-टमाटे. आठ दिवस जमतं, मग रात्री सगळ्यांचं आवरल्यावर चिवड्याचा डबा घेऊन बसते आणि स्वतःचाच राग येतो. फिरायला निघालं की लोक विचारतात, कुठं चालल्या? पोरगा मोबाइलवर व्यायाम लावून देतो, पण टोंगळे (गुडघे) दुखतात. त्यात उपवास आणि उन्हाळ्यातली लग्नं. कसं करू?"

ताई, सगळ्यात आधी भाकर परत सुरू करा, आज रात्रीपासूनच. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात आणि जवळपास तेवढेच तंतू. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्याच धान्यावर डवरणी-निंदणाची कामं करत आली. ते ताटातून काढून टाकलं आणि दिवसभर काकडी-टमाट्यावर काढला, तर रात्री दहा वाजता शरीर हिशोब मागणारच. चिवड्याचा डबा उघडला जातो तो भुकेमुळे. त्यासाठी स्वतःवर रागावू नका. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींची गोष्ट हीच असते. दिवसा नेम पाळतात, रात्री मोडतात आणि दोष मात्र मनाला देतात. दुपारी नीट जेवायला लागल्या की तो डबा आपोआप मागे पडतो.

दुसरं, किती उतरवायचं ते ठरवून घेऊ, म्हणजे जीव हलका होईल. तुम्हाला लग्नाच्या फोटोतल्या वजनावर जायची गरज नाही. अमेरिकेत तुमच्यासारख्याच, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त माणसांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली छापून आले. एका गटाला सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल करायची, एवढंच ध्येय दिलं होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या ७२ किलोचे सात टक्के म्हणजे पाच किलो. तेवढं सहा महिन्यांत उतरलं तरी पुष्कळ झालं. महिन्याला एक किलोपेक्षाही कमी पडतं ते. एवढ्यासाठी कोणाला उपाशी राहावं लागत नाही.

आता माझं मुख्य म्हणणं सांगते. ज्या डाएटसाठी घरात वेगळा स्वयंपाक करावा लागतो, ते गावातल्या घरात टिकत नाही. सकाळी पोराचा डबा, दादांची भाकर, सासूबाईंचं मऊ जेवण, दुकान, गोठा आणि त्यात तुमच्यासाठी वेगळं सॅलड. कोण करणार आणि किती दिवस? एकाच चुलीवर, एकाच गंजात (पातेल्यात) जे शिजतं त्यातच बदल करायचा. तोही इतका लहान, की पंगतीला बसलेल्या कोणाला कळूही नये. तुम्ही डाएटवर आहात हे घरात जाहीर करायची गरज नाही. जाहीर केलं की एक जण आग्रह करतो, एक थट्टा करतो, एक रोज वजन विचारतो. खाणं गुपचूप बदला. चालणं मात्र चारचौघात करा. ते का, ते पुढे सांगते.

चहापासून सुरुवात करा. दुकान आहे म्हणजे आल्या-गेल्याबरोबर चहा होणारच. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर धरली तर ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी. ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत साधारण तेवढ्याच असतात. तुम्ही पोट भरणारी भाकर बंद केली आणि पोट न भरणारी साखर तशीच ठेवली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. एकदम बिनसाखरेचा चहा प्यायला जाऊ नका, तो तिसऱ्या दिवशी सुटतो. पहिले पंधरा दिवस दोनऐवजी दीड चमचा, मग एक. पाच कपांचे तीन करा आणि पाहुण्यांसोबत घेताना अर्धा कप घ्या. जीभ महिन्याभरात रुळते, मग जुना चहा पाकासारखा लागायला लागतो. सकाळचं लिंबू-मधाचं पाणी आवडत असेल तर लिंबू ठेवा, मध काढा. मधातही साखरच असते आणि कोमट पाण्याने चरबी वितळत नाही.

मग तेल. ह्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्या भागातल्या स्वयंपाकात वजन वाढवणारी खरी जागा हीच आहे. पाटोडीचा रस्सा, भरलं वांगं, झुणका, तर्रीपोहे ह्या सगळ्यांची चव तेलावर तरंगते असं आपण धरून चालतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २,००० कॅलरीच्या दिवसाच्या ताटात सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला १३५ ग्रॅम. म्हणजे १५ किलोचा पिपा जवळजवळ साडेतीन महिने पुरायला हवा. तुमच्याकडे किती दिवस पुरतो? पिपा उघडला त्या दिवशी त्यावर खडूने तारीख लिहा. भाजी मोजायची नाही, कॅलरी मोजायच्या नाहीत, फक्त ही एक तारीख. दोन महिन्यांत संपत असेल तर पुढचा अडीच महिने पुरवायचा, एवढंच ठरवा. तेल बाटलीतून थेट कढईत ओतू नका, चमच्याने घाला. मोठ्या चमचाभर तेलात १२० च्या आसपास कॅलरी जातात. रस्सा उकळून उतरवला की पाच मिनिटं हलवू नका, तर्री वर येते. तुमच्या वाटीत डाव खालून घाला. खमंगपणा भाजलेल्या मसाल्यात, सुक्या खोबऱ्यात, सांबार (कोथिंबीर)-लसणात असतो. तेल कमी झालं तर झुणका थोडा कोरडा होईल, तेव्हा सोबत ताक घ्या.

भाकर ठेवली, तेल घटवलं. आता ताटात जे कमी पडतंय ते वाढवायचं. आपलं वरण फार पातळ असतं. घरात माणूस वाढला की पाणी वाढतं, डाळ तेवढीच राहते. तुमच्या वजनाला दिवसाकाठी ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती महागड्या पावडरीच्या डब्यातून आणायची गरज नाही. तीन भाकरींतून १८ ग्रॅम मिळतात. घट्ट वरणाच्या दोन वाट्यांतून १३, दूध किंवा दह्याच्या एका पेल्यातून आठ, मूठभर फल्लीदाण्यांतून (शेंगदाण्यांतून) सात आणि एका अंड्यातून किंवा मूठभर भिजवलेल्या हरभऱ्यातून सहा. झाले ५२. अंडं चालत नसेल तर हरभरा, मूग, मोट (मटकी), बरबटी (चवळी) ह्यांची घुगरी. हिवाळ्यात तुरीचे सोले आले की वांगे-सोल्यांची भाजी रोज केली तरी माझी हरकत नाही, फक्त सोले जास्त आणि तेल कमी. जवसाची चटणी रोज चमचाभर खा.

भाजी मात्र मनसोक्त वाढा. पावसाळ्यात तरोटा, मग अंबाडी, हिवाळ्यात हरभऱ्याची आणि मेथीची, उन्हाळ्यात चिवळ. बांधावरची भाजी पैशाने स्वस्त आणि साखरेला चांगली. तिच्यावर लिंबू पिळा. लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

हे लोहाचं मुद्दाम काढलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. वजन जास्त आणि रक्त कमी, अशा कितीतरी बाया मी बघते. कारण ताटाच्या क्रमात आहे. सगळे जेवल्यावर शेवटी तुम्ही बसता. तेव्हा भाजी खरवडून काढलेली, वरणाचं पाणी उरलेलं आणि भात किंवा पोळ्या मात्र चार शिल्लक. वाया जाऊ नये म्हणून त्या तुम्हीच संपवता. पोट भरतं ते भाता-पोळीने आणि अंगाला लागायचं ते दुसऱ्यांच्या ताटात गेलेलं असतं. म्हणून माझी विनंती आहे, आणि ती मी हात जोडून करते : स्वयंपाक झाला की वाढायच्या आधी तुमच्या वाटीत घट्ट वरण आणि भाजी काढून झाकून ठेवा. ह्यात स्वार्थ काही नाही. सासूबाईंना ज्या मायेने वाढता, त्याच मायेने स्वतःलाही वाढा. उरलेली पोळी सकाळी फोडणीची करा, गाईला घाला, पण तुमचं पोट उरलंसुरलं ठेवायची जागा नाही. जमलं तर रात्री सगळे सोबतच बसा आणि आठच्या आत जेवा. एकदा सोबत जेवायची सवय लागली की उशिराच्या चिवड्याची वेळच येत नाही.

उपवासाबद्दल. तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे, तो सोडा असं मी कधी म्हणणार नाही. पण साबुदाण्याची उसळ म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. प्रथिनं नावालाच. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी ताटभर उसळ, वर आलूचा कीस, मग साखरेचा चहा, असा दिवस तुमच्या साखरेला रोजच्या जेवणापेक्षा जड जातो. त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी करा, ताक घ्या, एखादं पेरू-संत्रं खा. उसळ खायचीच असेल तर अर्धी वाटी, दाण्याचं कूट भरपूर घालून. आठवड्यातून दोन उपवास असतील तर एकच नीट करा, चालतं का ते तुम्हीच ठरवा. पुढे कधी साखरेची गोळी सुरू झाली, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहायचं नाही. काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर एकदम खाली जाते आणि ते धोक्याचं असतं.

लग्नाला जा. नटून जा, पंगतीत बसा आणि जे खरंच आवडतं ते आनंदाने खा. बुंदी आवडत असेल तर बुंदी. मग जिलेबी केवळ वाढली म्हणून खायची नाही, पत्रावळीवर हात आडवा धरायचा. घरून उपाशी निघू नका. अर्धी भाकर आणि पेलाभर ताक घेऊन निघालं की मांडवात दोन वाजता पुरीवर तुटून पडावं लागत नाही. आठवड्यात एकवीस जेवणं असतात. त्यातली एक-दोन मांडवात झाली तर उरलेली एकोणीस तुमच्या हातात आहेत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहणं बंद करा. मी पाहते, लग्नाच्या जेवणाने जितकं बिघडत नाही तितकं त्या प्रायश्चित्ताने बिघडतं, कारण तिसऱ्या दिवशी परत डबा उघडला जातो. पुढचं जेवण नेहमीचं जेवा आणि विसरून जा. भंडाऱ्याच्या पंगतीतले रोडगे आणि वांग्याची भाजीही अशीच. वर्षातून दोनदा तुपात बुडवलेला रोडगा खाल्ल्याने कोणाला मधुमेह झालेला नाही. आंब्याच्या दिवसांत साखर न घातलेला लहान वाटीभर रस घ्या आणि त्या जेवणात एक भाकर कमी करा.

आता चालणं. गावात बाई रिकाम्या हाताने रस्त्याने निघाली की चार लोक विचारतात, हे खरं आहे. काही जणी त्यासाठी हातात डबा किंवा विळा घेऊन निघतात. मी म्हणते, सरळ सांगा : "साखर वाढली न माय, उतरवाले चालली. चाल तूबी." आज गावात असं घर क्वचितच असेल जिथे साखर किंवा बीपीचं माणूस नाही. तुम्ही उघड बोललात की दुसरी म्हणते, मलाही सांगितलं आहे. म्हणून चालणं चारचौघात करायचं. बचत गटात तुम्ही असालच, तिथे विषय काढा. तीन-चार जणींचं टोळकं झालं की विचारणारे थांबतात आणि चालताना ज्या गप्पा होतात त्यासाठीच दुसऱ्या दिवशी पाय निघतो. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, झाले १५० मिनिटं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. दहा हजार पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्याहून कमी चालूनही फायदा होतो.

जंगलालगतच्या गावात, बोर किंवा ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला, कोणी हे वाचत असेल तर अंधारात एकट्याने निघू नका. उजाडल्यावर चाला किंवा आवारातच फेऱ्या मारा. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी सातच्या आत चालणं संपवा, नाहीतर थेट रात्री जेवल्यावर. जेवल्यावरची शतपावली तर तुम्हाला बारा महिने सांगेन. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरायला लागतात आणि ती एकदम वर चढत नाही. त्यासाठी रस्त्यावर जायचीही गरज नाही.

"मी दिवसभर राबतेच की," असं तुम्ही म्हणाल. निंदण आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मी तुम्हाला वेगळं चालायला सांगणारही नाही, त्या दिवसांत नुसती झोप पुरी करा. पण कोरडवाहू शेतीत माघापासून ज्येष्ठापर्यंत वावरातलं काम जवळपास थांबतं आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसणं वाढतं. पाणी नळाला आलं, पीठ गिरणीतून येतं, वावरात फटफटीवर जाता. हे सगळं चांगलंच झालं. कष्ट कमी झाले, ते परत ओढवून घ्यायचे नाहीत. त्या मोकळ्या महिन्यांत चालणं वाढवायचं.

टोंगळ्यांसाठी पोराला सांगा, उड्या मारायचे व्हिडिओ बंद. दुखऱ्या टोंगळ्यांवर ७२ किलो उड्या मारून उपयोग नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की टोंगळ्यावरचा भार कमी होतो. त्यासाठी उंच खुर्ची किंवा ओटा पुरे. हात न टेकता हळू उठायचं, हळू बसायचं, दहा वेळा. सुरुवातीला हात टेकावे लागले तर टेका. मग खुर्चीवर बसून एक पाय सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. भिंतीला तळहात टेकून दंडासारखं पुढे-मागे व्हायचं, तेही दहा वेळा. गॅसजवळ भाजी परतताना टाचा उचलायच्या. एक दिवसाआड एवढं केलं तरी दोन महिन्यांत वावरातला बांध चढताना फरक कळतो. टोंगळा सुजला असेल, गरम लागत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर व्यायामाच्या आधी तो दाखवून घ्या. चालताना छातीत दाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणि पोराला व्यायामाची हौस असेल तर त्याला अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ दाखवून आणा. आर्वीहून ते दूर नाही. १९१४ साली सुरू झालेला तो आखाडा. तिथला चमू १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. महागड्या मशिनीशिवाय शरीर कसं घडतं हे त्याला डोळ्यांनी दिसेल, आणि पावडरीचे डबे विकणाऱ्यांच्या बोलण्याला तो भुलणार नाही.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी पोट साफ झाल्यावर करा. रोज केलं तर किलोभर इकडे-तिकडे दिसतं. ते पाण्याचं आणि मिठाचं असतं, उगाच मन खट्टू होतं. त्याहून सोपं मोजमाप सुतळीचं. डोक्यापासून टाचेपर्यंत तुमच्या उंचीएवढी सुतळी कापा, ती बरोबर दुहेरी करा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळून बघा. टोकं जुळली तर उत्तम. जितकं अंतर राहिलं तितकं पोट कमी व्हायला हवं. ही सुतळी दादांनाही लावा, पोरालाही लावा, प्रत्येकाची त्याच्या-त्याच्या उंचीची. घरात हसू होईल आणि दादा स्वतःहून शतपावलीला येतील. बाईच्या पोटाचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं आपल्याकडे धरतात. तुमच्या उंचीची दुहेरी सुतळी साधारण ७९ येते, म्हणजे फीत नसली तरी काम भागतं.

ह्या आठवड्यात फक्त चार गोष्टी करा. भाकर परत सुरू, चहात दीड चमचा, वरणाची वाटी आधी काढून ठेवणं आणि रात्रीची शतपावली. तेलाच्या पिप्यावर तारीख पुढचा पिपा उघडाल तेव्हा. चालायचं टोळकं जमेल तेव्हा जमवा. तालुक्याच्या ठिकाणी जाल तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, वजन हलत नसेल तर त्याचं कारण तिथेही सापडू शकतं. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी मात्र तीन महिन्यांनीच परत करा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांच्यावर चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे महिन्याभरात केली तर जुनाच आकडा जास्त दिसेल. तो कागद आणि सुतळीचं अंतर, दोन्ही मला कळवा. उपवासाचं काय ठरवलंत तेही लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.